आधी वाट, मग गड

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली जुनी नावे एकापुढे एक मांडून पाहावीत. मिरजकर तिकटी, पाण्याचा खजिना, पाटाकडील तालीम, आणि खुद्द पेठेचे नाव तर आठवड्यातल्या एका वाराचे. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. खजिना म्हणावा तर तो पाण्याचा, पाट म्हणावा तर तोही पाण्याचाच. आणि पेठेला वार चिकटतो तो बहुधा बाजाराच्या दिवसावरून. वस्ती कशावर जगते ते या चार नावांत आले : रस्ता, पाणी आणि देवघेव. जुन्या कोल्हापूरला तट होता, खंदक होता आणि सहा वेशी होत्या : गंगा, रंकाळा, वरुणतीर्थ, आदितवार, शनिवार आणि मंगळवार. तटाचा तुकडा बिंदू चौकात अजून उभा आहे. वेशी गेल्या, नावे राहिली. मंगळवार पेठ ही या तटाबाहेर फोफावलेली वस्ती. शहराचा इतिहास सांगताना मात्र आपण पेठेपासून कधी सुरुवात करत नाही. अंबाबाईच्या देवळापासून करतो, छत्रपतींच्या वाड्यापासून करतो, आणि सर्वांत जास्त वेळा वीसेक किलोमीटरवरच्या पन्हाळगडापासून करतो. पेठ ही त्या थोर गोष्टींच्या पायाशी आपोआप जमलेली गर्दी, असे काहीसे आपल्या मनात असते.

हा क्रम उलटा आहे, असे मला वाटते. या मुलखात गड सर्वांत शेवटी आला. आधी कोकणातून घाट चढून देशावर येणारी वाट होती. वाटेवर गावे वसली, गावांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानावर कातळात लेणी कोरली गेली, बाजार भरू लागले. आणि हजारएक वर्षांनी या साऱ्यावर नजर ठेवायला तटबंदी झाली. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यांत पन्हाळा आहे. त्याचा आनंद निखळ आहे आणि तो मानाचाच भाग आहे. पण ‘लष्करी’ हा शब्द एकदा पाटीवर चढला की डोळ्यांनाही तेवढेच दिसू लागते, म्हणून हा क्रम आत्ताच नीट तपासून घेतला पाहिजे.

पुरावा पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला. कोल्हापूर मुळात सहा लहान वस्त्यांचे मिळून झालेले गाव : ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर. त्यांतली ब्रह्मपुरी सर्वांत जुनी. 1944-45 च्या सुमारास तिथे कांस्याच्या वस्तूंचा एक साठा हाती लागला आणि 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. खाली सातवाहन काळातली भाजक्या विटांची घरे निघाली, वर मध्ययुगातले थर. त्या कांस्याच्या साठ्यात एक मूर्ती होती, वीतभरही उंच नसलेली. दाढीधारी, उघड्या अंगाचा, ताठ उभा पुरुष. हातातला त्रिशूळ काळाने नेलेला. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. घडण रोमन साम्राज्यातली, घाट ग्रीक शिल्पकार लिसिपसच्या परंपरेतला. दक्षिण ग्रीसमध्ये, कोरिंथजवळच्या संयोगभूमीवर या देवाचे मोठे ठाणे होते आणि त्याच्या नावाने खेळांचे मेळे भरत. मानी नावाच्या खडकाळ भागाच्या टोकाला, तेनारो भूशिरावर, गुहेजवळ त्याचे देऊळ होते. ज्याला खलाशी प्रवासाआधी नवस बोलत, तो देव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी कसा पोचला? चालत्या वाटेशिवाय तो पोचणे शक्य नाही.

यावर आक्षेप येईल तो असा की एका मूर्तीवरून व्यापारी मार्ग उभा करणे धाडसाचे आहे. कुणी भेट म्हणून दिली असेल, कुणी मोडीच्या भावाने विकत घेतली असेल. आक्षेप रास्त आहे, आणि पुरावा एवढाच असता तर मीही गप्प बसलो असतो. पण ती एकटी नाही. त्याच साठ्यात परदेशी घडणीची इतर कांस्यपात्रे आहेत. कोल्हापूर परिसरात ‘कुर’ उपपद लावणाऱ्या राजांची नाणी मोठ्या संख्येने मिळाली आहेत. त्यांतल्या एकाचे नाव विळिवायकुर. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी ‘हिप्पोकूरा’ नावाचे नगर आणि तिथला ‘बालेओकूरोस’ नावाचा राजा नोंदवतो, आणि हा बालेओकूरोस म्हणजेच विळिवायकुर असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाच्या कानावर या भागातल्या राजाचे नाव जाते ते व्यापाऱ्यांच्याच तोंडून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याणच्या दक्षिणेची बंदरेही ओळीने दिलेली आहेत. माल कोकणच्या घाटांनी वर आला की तेर-पैठणकडून उतरत आला, यावर वाद घालता येईल. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच निघते : कोल्हापूर रहदारीच्या वाटेवर होते.

आता लेणी पाहू. पन्हाळा आणि जोतिबा या डोंगरांच्या कुशीत पोहाळे नावाचे गाव आहे. कागदोपत्री नाव ‘पोहाळे तर्फ आळते’. तर्फ म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट, आणि आळते तर दूर पूर्वेला, हातकणंगल्याकडे. पोहाळ्याच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत : खांबांवर तोललेला चौकोनी विहार, बाजूंना भिक्षूंच्या राहण्याच्या लहान खोल्या, आणि शेजारच्या दालनात त्याच कातळातून सोडवून काढलेला स्तूप. छिन्नीचे घाव भिंतीवर तिरके दिसतात, कडप्प्यावर टाकी मारावी तसे. पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठाराच्या कड्यात पांडवदऱ्याची लेणी आहेत. नावावरूनच दिसते की ती कुणी आणि कशासाठी कोरली याची आठवण लोकांतून पुसली गेली आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सारा वनवास पांडवांच्या नावे लागला. खुद्द पन्हाळगडाच्या डोंगरातल्या गुहांना पराशर ऋषींचे नाव आहे. म्हणजे ज्या डोंगररांगेला आपण पन्हाळ्याची म्हणतो, तिच्यात तटाच्या पहिल्या दगडाआधी शेकडो वर्षे माणसे कातळ कोरून राहत होती.

इथे दुसरा आक्षेप. भिक्षू रानात जातात ते एकांतासाठी. बाजारापासून दूर राहणे हाच त्यांचा हेतू, तेव्हा लेण्यांवरून वाटेचा माग काढता येत नाही. ऐकायला हे पटते, पण सह्याद्रीचा नकाशा वेगळे सांगतो. कार्ले-भाजे बोरघाटाच्या माथ्याशी आहेत, जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर, कराडची आगाशिवाची लेणी कुंभार्ली घाट चढून आल्यावर. दा. ध. कोसंबींनी ही जुळणी फार पूर्वी दाखवून दिली. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक. भिक्षूला एकांत हवा होता हे खरे, पण त्याला रोज भिक्षाही हवी होती, आणि पावसाळ्याचे चार महिने निवाराही. गावापासून सकाळी चालत जाऊन दुपारच्या आत परतता येईल एवढे अंतर, हे लेण्याच्या जागेचे खरे माप आहे. पोहाळ्यात ते आजही पायांनी मोजता येते. ज्याने स्तूप कोरायला पैसे दिले, त्याच्या गाठीला पैसे होते. आणि त्या काळी गाठीला पैसे असणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा तांड्याबरोबर फिरणारा व्यापारी नाहीतर बाजारगावचा कारागीर.

लेण्यांनंतरची काही शतके या वाटेबाबत फारशी बोलत नाहीत. शिलाहार आले की पुन्हा कोरीव अक्षरे सापडू लागतात. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादाने राज्य मिळालेले म्हणवत. त्यांतल्या गंडरादित्याच्या काळातला, 1135 चा एक शिलालेख कोल्हापुरात आहे. त्याचा सामंत निंबदेव याने जैन बसदी बांधली आणि तिच्या खर्चासाठी वीरबणंज व्यापारी संघाने बाजारात येणाऱ्या मालावर ठरावीक लागा बांधून दिला, असा त्याचा आशय. कोल्हापूर, मिरज आणि आसपासच्या बाजारांचे प्रतिनिधी त्यात आहेत. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे व्यापाऱ्यांचा एवढा संघटित बाजार होता की तो स्वतःवर कर लावून घेऊन देवस्थान चालवत होता. आणि पन्हाळ्याची तटबंदी ज्याच्या नावाशी जोडली जाते तो दुसरा भोज गादीवर आला 1175 च्या सुमारास. 1191-92 मध्ये त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत असल्याचे ताम्रपट सांगतो; या मुलखातले पंधरा किल्ले त्यानेच बांधले अशी परंपरा आहे. संख्येवर वाद घाला, क्रमावर घालता येत नाही. भोजाने तटाला पैसा आणला तो ज्या बाजारातून, तो बाजार त्याच्या आजोबांच्या काळातच भरात होता.

लष्करी इतिहासाचा अभ्यासक इथे थांबवून म्हणेल की भोजाने गड बांधला तो भीतीपोटी. चालुक्यांचे छत्र मोडले होते, देवगिरीचे यादव वाढत होते, आणि झालेही तसेच : 1212 च्या सुमारास यादव सिंघणाने भोजाचे राज्य संपवले, खिद्रापूरच्या कोपेश्वराला शके 1136 मध्ये त्याने दिलेल्या दानाचा लेख त्या विजयाची पोच आहे. हे सगळे मान्य. कड्यांची उंची, पाण्याची सोय, चढाची एकच सोपी सोंड, ही पन्हाळ्याची निवड लष्करी डोळ्यानेच झाली. पण भीती कशाची होती, हा प्रश्न उरतोच. सिंघणाला डोंगर नको होता. त्याला घाटवाटांचा ताबा हवा होता, आणि त्या वाटांवरची जकात. पन्हाळा, विशाळगड आणि गगनगड यांची ठिकाणे अणुस्कुरा, आंबा आणि गगनबावड्याच्या घाटांशी ताडून पाहिली की प्रत्येक गडाच्या नजरेत एकेक वाट येते. गड वाटेला जखडलेला असतो, जसा टोलनाका रस्त्याला.

याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्याला पाठ असलेल्या प्रसंगातच आहे. 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा, शिवरायांची विशाळगडाकडे निघालेली रात्र, बाजीप्रभूंची घोडखिंड : ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. तिच्यातला एक तपशील मात्र आपण भरभर ओलांडतो. वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफखाना घेऊन आले होते आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. त्याबद्दल 1661 मध्ये राजापुरावर महाराजांची स्वारी झाली आणि वखारवाले कैदेत पडले. समुद्रकाठच्या वखारीतून अवजड तोफा आणि दारूगोळा सह्याद्री चढून पन्हाळ्याखाली पोचतो, तेव्हा ती वाट पायवाट नसते. बैलांचे तांडे आणि माणसांच्या पिढ्यांनी मळलेला तो राजरोस मार्ग असतो. आणि इंग्रजांनी आपला व्यापारी जम धोक्यात घालून तो उद्योग केला, तोही पन्हाळा ज्याचा त्याचा देशावरचा बाजार हे हिशेबाने कळल्यामुळेच असावा.

गडाच्या आतही गाव आहे. अंबरखान्यातली गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे पाहावीत. गंगा कोठीची साठवण 25,000 खंडी सांगितली जाते. जाड भिंती, वरून धान्य ओतायला ठेवलेली तोंडे, आत दिवसाही अंधार. या कोठ्यांतले भात, वरी आणि नाचणी गडावर पिकत नव्हती. ती खालच्या गावांतून बैलाच्या पाठीवर चढत होती. गडाच्या पायथ्याशी, कोल्हापूरकडच्या चढावर जे गाव आहे त्याचे नाव बुधवार पेठ. गडालाही वाराची पेठ लागली, जशी पुढे कोल्हापूरच्या तटाला लागली. आणि गड राखणारे गडकरी पगारी शिपाई नव्हते. पिढीजात चाकरीच्या बदल्यात त्यांना खालच्या गावांत जमिनी होत्या. पाळी आली की वर पहारा, पेरणी आली की खाली शेत. 1844 मध्ये इंग्रजी देखरेखीखालच्या कारभाराने या हक्कांना हात घातला तेव्हा सामानगडावर ठिणगी पडली आणि पन्हाळ्यापर्यंत वणवा आला. इंग्रज अधिकारी ओव्हान्स याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले होते. 1 डिसेंबर 1844 ला तोफांनी तट फोडून गड घेतला गेला आणि मग तटबंदी मुद्दाम पाडण्यात आली. हे बंड गडासाठी झाले असे म्हणणे अर्धेच खरे. गडकऱ्यांच्या डोळ्यांपुढे गावातली जमीन होती.

दक्षिण ग्रीसशी तुलना इथे खरोखर उपयोगी पडते. स्पार्टाजवळच्या डोंगरावर 1249 मध्ये फ्रँक सरदार विल्यम द विलहार्दुआँ याने मिस्त्राचा किल्ला बांधला. खालच्या मैदानातली असुरक्षित वस्ती हळूहळू वर चढली, उतारावर देवळे आणि घरे झाली, बायझंटाइन काळात तर ते प्रांताचे मुख्य नगर बनले. 1834 मध्ये राजा ऑटोच्या काळात खाली नव्या स्पार्टाची आखणी झाली आणि माणसे पुन्हा मैदानात उतरली. उरलीसुरली घरे विसाव्या शतकाच्या मध्याला रिकामी झाली. जागतिक वारसा यादीत मिस्त्राचा समावेश झाला तो 1989 मध्ये, ओस पडलेले नगर म्हणून. समुद्रातल्या खडकावरच्या मोनेमवासियाचे नावच ‘एकच प्रवेशवाट’ असे सांगते, आणि तेही तटापेक्षा आपल्या मद्याच्या व्यापाराने युरोपला माहीत होते. आपल्याकडेही हीच चढउतार झाली. 1710 च्या सुमारास ताराबाईंनी पन्हाळ्याला राजधानीचा मान दिला, आणि 1782 मध्ये ती कोल्हापुरात उतरली. दरबारामागोमाग कारकून, शिलेदार, सोनार, चांभार, तेली उतरले, तटाच्या आतबाहेर पेठा भरल्या. मंगळवार पेठेसारख्या वस्त्यांना गडाचे नातेवाईक म्हणायचे ते याच अर्थाने. पण एक फरक फार मोलाचा आहे. मिस्त्रा ओस पडले, पन्हाळा पडला नाही. तिथे आज नगरपरिषद आहे, शाळा आहे, चुली पेटतात.

मग ही वाट आपण विसरलो कशी? 1891 मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली आणि शहराचे तोंड पूर्वेला फिरले. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती स्टेशनाच्या बाजूला. गूळ पूर्वेकडून वॅगनीत चढू लागला, आणि घाटांकडची बाजू सहलीची व पावसाची झाली. शंभरेक वर्षांत पश्चिमेचा हमरस्ता मागचे दार बनला. मागच्या दाराशी राहिलेल्या गोष्टी मग सुट्या सुट्या दिसतात : एक किल्ला, एक देऊळ, डोंगरात कुठे चार लेणी.

त्यामुळे वारसा यादीतला पन्हाळा राखायचा तर एकटा तट राखून भागणार नाही. गडावरच्या रहिवाशांना आपली घरे जातील की काय अशी धास्ती वाटते, ती निराधार ठरवणे हे सरकारचे पहिले काम आहे. माणसे हलवून मोकळा केलेला गड आणखी एक मिस्त्रा होईल. पोहाळे आणि पांडवदरा यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर धड पाट्या असाव्यात आणि लेण्यांपाशी ती कुणाची, कधीची, कुणाच्या दानाची हे मराठीत लिहिलेले असावे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर आज शहर पसरले आहे, तिथल्या उरलेल्या जमिनीत पायाचा खड्डा घेण्याआधी कुणीतरी जाणत्याने पाहून घ्यावे. आणि पन्हाळ्याला निघणाऱ्या वाचकांना एक विनंती. चढ लागण्याआधी वाट वाकडी करून पोहाळ्याला थांबा, विहारात पाच मिनिटे बसा, मग गडावर जा. परतल्यावर भाऊसिंगजी रोडवरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंसाठीच हे संग्रहालय 1946 मध्ये सुरू झाले आणि 1949 पासून ते या इमारतीत आहे. पोसायडन तिथेच आहे.